जंगलाच्या पडद्यातली हरणं

रत्नागिरी,
१६ नोव्हेंबर १९९९

प्रिय हरिहर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गणपतीच्या आधी आलं आणि उत्तर दिवाळी उलटल्यावर जातंय. माफ कर. सहामाहीचे पेपर होते हे खरं, पण तेवढंच कारण नाही. तू सांगितलेलं काम झालं नव्हतं, आणि काम न करता पत्र लिहायची लाज वाटत होती. रोज डायरीत 'हरिहरला पत्र' असं लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुढच्या पानावर न्यायचे.

काल शाळेला सुट्टी होती, तेव्हा गेले एकदाची. आप्पांचं संग्रहालय म्हणजे झाडगावातली आंब्याच्या पेट्यांची जुनी वखार. पाटी नाही. दारात देवमाशाचा मणका स्टुलासारखा ठेवलाय, त्यावरून ओळखायचं. आप्पा तारखात्यातून निवृत्त झालेले. गावोगाव फिरून लोक टाकायला काढतात ते घेऊन येतात. आत पाऊल टाकलं की आधी घड्याळं ऐकू येतात. भिंतभर आहेत, सगळी चालू, आणि प्रत्येकात वेगळी वेळ. मी तसं म्हटलं तर आप्पा म्हणाले, "चालू ठेवणं माझं काम, बाई. बरोबर वेळ दाखवणं त्यांचं." मग गोटीसोड्याच्या बाटल्या, गलबतावरचं होकायंत्र, ग्रामोफोन, पेंढा भरलेलं कासव. जिथे पूर्वी पेट्यांना खिळे मारत त्या खोलीला आप्पा कलादालन म्हणतात. तिथे कुणाकुणाच्या पूर्वजांची तैलचित्रं आहेत, सगळे पगडीत आणि सगळे रागावलेले, नाव एकाचंही ठाऊक नाही. शेजारी कुण्या ड्रॉइंग मास्तरांनी काढलेला पूर्णगडचा किल्ला. कशाचा कशाशी संबंध नाही, पण पाय निघत नाही.

काकांचा पडदा तिथे आहे. गावच्या उत्सवातल्या नाटकांसाठी त्यांनी तरुणपणी रंगवलेला तोच, जंगलाचा. नाटकं बंद पडल्यावर देवळाच्या माळ्यावर पडून होता, तिथून आप्पांनी आणला. सुखरूप आहे. काकांना सांग, मी स्वतः पाहिला.

आमच्या भावजयीला, निशिगंधाला, आशीर्वाद.

तुझी,
उमाताई


पोफळी,
२८ नोव्हेंबर १९९९

ती. उमाताईस,
सा. न. वि. वि.

उशिरा लिहिल्याची शिक्षा म्हणून आता दर आठवड्याला लिही, असा बाबांचा निरोप आहे. काचबिंदूमुळे त्यांना अक्षर लागत नाही, त्यामुळे तुझं पत्र मीच वाचून दाखवतो. हे दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "टांगलाय ना रे?" मी म्हटलं, "ताई पाहिला म्हणते म्हणजे टांगलेलाच असणार. गुंडाळलेला पडदा कोण बघतो?" तेव्हा तपकीर ओढून तीनचारदा शिंकले. खूश झाले की असंच करतात.

तुला ठाऊकच आहे त्यांचं बोलणं. "उभी हयात वीजप्रकल्पाच्या खांबांवर 'धोका' लिहून कवट्या रंगवल्या. हरणं काढली ती एकदाच." मी तो पडदा कधी पाहिला नाही. माझा जन्म इथल्या कॉलनीतला, आणि गावी जाण्याएवढा झालो तोवर नाटकं थांबली होती. पण डावीकडे खाली नदी, काठावर तीन हरणं, दोन पाणी पितायत, तिसरं मान वर करून थेट लोकांकडे बघतंय, हे मला पाठ आहे. कॉलनीतल्या सगळ्या पोरांना पाठ आहे. शेजारची आर्या रोज विचारते, "आजोबा, तिसरं काय बघतंय?" आणि बाबा रोज वेगळं उत्तर देतात.

डॉक्टर म्हणाले, उरलीय ती नजर फार टिकेलसं वाटत नाही. बाबांना ती संपायच्या आत एकदा पडदा बघायचाय. दुसरं काही मागत नाहीत. जानेवारीत आणू का?

तुझा,
हरिहर


रत्नागिरी,
२० डिसेंबर १९९९

प्रिय हरिहर,
अ. आ.

पत्र पोचलं. जानेवारीत नको. वखारीच्या कौलांचं काम निघायचंय असं आप्पा म्हणत होते. मग माझ्या शाळेचं गॅदरिंग. मार्चनंतर बघू. काकांच्या डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा.

घाईत,
उमाताई


पोफळी,
३० डिसेंबर १९९९

ती. उमाताईस,
सा. न. वि. वि.

कौलं मार्चपर्यंत? अख्खं घर शाकारायला एवढे दिवस लागत नाहीत. तुला वेळ नसेल तर तसं सांग, राग येणार नाही. पण बाबा काल म्हणाले, "उमीला आपला उपद्रव होत असेल, राहू दे." हे ऐकवलं नाही म्हणून लिहितोय.

जानेवारीच्या शेवटी आणायचं नक्की केलंय. मला पॉवरहाउसची शिफ्ट आहे, रजा नाही. निशिगंधा घेऊन येईल. तिची बहीण तिथेच असते, तिच्याकडे उतरतील. तू फक्त पडद्यापर्यंत ने.

हरिहर


रत्नागिरी,
६ जानेवारी २०००

प्रिय हरिहर,

हे पत्र आधी एकट्याने वाच. काका जवळ असतील तर घडी घालून ठेव.

कौलांचं काम वगैरे काही नव्हतं. आधी सगळं क्रमाने सांगते, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

नोव्हेंबरमध्ये मी पाहिला तो गुंडाळलेला पडदा. बांबूला गुंडाळून, सुतळीने बांधून, कासवाच्या मागे उभा केलेला. 'मी स्वतः पाहिला' हे वाक्य लिहिताना माझ्या मनात होतं, की हे खोटं नाही. पण ज्या वाक्याबद्दल हे खोटं नाही असं मनाला सांगावं लागतं, ते कसलं वाक्य असतं ते मला कळायला हवं होतं. तुझं पत्र आलं, 'टांगलेलाच असणार', आणि मला वाटलं, टांगूया की! लिहिलेलं खरं करून टाकू.

आप्पा तयार झाले. कलादालनातल्या पगडीवाल्यांना खाली उतरवलं आणि आढ्याला दोर टाकून पडदा सोडला. हरिहर, मी तो लहानपणी पुढच्या चटईवर बसून पाहिला होता. तोच होता. मागे निळसर सुळका, मध्ये गाठीगाठींचा वड, नदी, आणि हरणं. तिन्ही होती. वरचा भाग चांगला होता, पण खाली बुरशीचे पांढरे डाग आणि पालीची घाण. काकांना असा दाखवायचा?

आप्पा जेवायला घरी गेले. मी बादलीत पाणी घेतलं आणि जुन्या लुगड्याचा फडका ओला करून खालून पुसायला लागले. फडका तांबडा झाला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. आपल्याकडे कुठलीही वस्तू पुसा, जांभ्याची धूळ असतेच, फडका तांबडा होतोच. उलट मळ निघतोय म्हणून बरं वाटत होतं. फडका पिळायचा, पुन्हा पुसायचं. मी अगदी नाकाजवळचे डाग बघत होते, चित्र बघतच नव्हते. कंबर अवघडली म्हणून उठले, दोन पावलं मागे सरले, तर हरणं नव्हती. नदीकाठी तांबूस गढूळ पट्टा.

भुकटीचे रंग सरसात कालवून काढलेला पडदा. सरस पाण्याने सुटतो हे मी मुलींना प्रयोग करून दाखवते. पण त्या दिवशी मी विज्ञान शिकवणारी बाई नव्हते, पाहुणे यायच्या आधी घर पुसणारी बाई होते.

आप्पा परत आले, बादलीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. एवढंच म्हणाले, "घरचं समजून केलंत." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तुला कौलांचं लिहिलं.

आता काका इथे आल्याबरोबर मी त्यांना सांगणार आहे. तू त्यांना आधी तयार करून ठेवावंस असं वाटतं. की तेही मीच करायला हवं?

उमाताई


पोफळी,
१३ जानेवारी २०००

ताई,

पत्र जनरेटरच्या आवाजात वाचलं, एकट्याने. रागावलोय, नाही असं म्हणणार नाही.

पण बाबांना सांगू नकोस. डॉक्टर म्हणतात त्यांना आता मोठे आकार तेवढे कळतात. सुळका दिसेल, वड दिसेल. हरणं असती तरी एवढ्याशा नजरेत आली असती की नाही कोण जाणे. ते विचारतील, तू 'हो' म्हण. नाहीतर विषय बदल. जाताना आनंदाने जावं, एवढंच. त्या आप्पांनाही सांगून ठेव.

तुझ्या मनाचं ओझं उतरायला त्यांना सांगायचं असेल, तर ते ओझं तूच वागव. हे लिहायला कठोर वाटतंय, पण लिहितोय.

हरिहर


रत्नागिरी,
१ फेब्रुवारी २०००

प्रिय हरिहर,

काका आणि निशिगंधा आज सुखरूप पोचले असतील. काका तुला काय सांगतील ते मला ठाऊक नाही. निशिगंधा दुपारी बहिणीकडेच थांबली होती, म्हणून झालं ते मीच लिहायला हवं.

इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात काठी. रिक्षातून उतरताच काठी मणक्याला लागली. "हे काय गो, उमे?" म्हटलं, देवमाशाचा मणका. "मेला तो मेला, आणि लोकांच्या बुडाखाली आला!" असं म्हणून त्यावर बसून घेतलं. आप्पांशी पाच मिनिटांत जमलं. घड्याळं ऐकून म्हणाले, "आप्पा, यातलं एक तरी लग्नाच्या मुहूर्ताला उपयोगी पडेल का?" आप्पा म्हणाले, "मुलगी कुठली ते सांगा, त्या गावची वेळ लावून देतो." मी हसले. मला वाटलं, निभेल.

कलादालनात गेल्यावर खुर्ची मागे, अगदी दारापर्यंत न्यायला लावली. "पडदा लांबून बघायचा असतो. जवळून नुसते फराटे." मग म्हणाले, "ती ट्यूब घालवा. पडदा गॅसबत्तीचा आहे." आप्पांकडे पेट्रोमॅक्स होतीच, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी अडकवलेली. काका म्हणाले, "हात न लावता पेटवा." आप्पांनी थोडे आढेवेढे घेतले, पण मनातून त्यांना हौस होती. रॉकेल घातलं, मेंटल बांधली, पंप मारला. दारं लावून घेतली. बत्ती सूं करून पेटली आणि हरिहर, तो पडदा जिवंत झाला. दुपारच्या ट्यूबखाली तो कळकट कापड होता. सुळका मागे सरकला, वडाखाली सावली पडली. मी आठ वर्षांची असताना जसा होता तसा.

काका काठीने हवेत दाखवत होते. "सुळका. त्याला नीळ जास्त झाली होती, तालीममास्तर ओरडले होते. वड. वडाला डावीकडे तीन गाठी." होत्या. डॉक्टर काहीही म्हणोत, त्यांना दिसत होतं. आपलं होतं म्हणून दिसत असेल. काठी खाली आली आणि थांबली.

"उमे, इथे हरणं होती ना?"

आप्पांनी तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. काकांना ते दिसणार नाही, हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "काका, तिकडे उजेड कमी पडतोय."

ते उठले. काठी टेकत पडद्यापर्यंत गेले, वाकले, अगदी नाक टेकेल इतके जवळ. हात लावला नाही. बराच वेळ तसेच होते. मग सरळ झाले आणि हसले. ते हसू मला विसरता येत नाही.

"नाहीत गो. काढायची होती, राहून गेली असतील. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या पडद्यातली माझ्या डोक्यात बसली. बघ म्हातारपण! उभा जन्म लोकांना हरणं सांगत आलो."

मी म्हटलं, "चहा घेऊया ना, काका?"

विषय बदलला. तू सांगितल्याप्रमाणे.

उमाताई


पोफळी,
२१ फेब्रुवारी २०००

ती. उमाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही, कारण होईल ठीक असं वाटत होतं.

बाबा कटकट करत नाहीत, रडत नाहीत. पण सगळं विचारून घेतात. "मी नोकरीला कुठल्या साली लागलो रे? तुझी आई गेली तेव्हा पाऊस होता ना? की तेही माझंच काहीतरी?" मी सांगतो, ते मान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच निशिगंधाला विचारून ताडून बघतात. पूर्वी जेवताना एक तरी जुनी हकीकत सांगायचे. आता मुकाट जेवतात. बोललेच तर 'बहुतेक' म्हणतात. बाबांच्या तोंडी 'बहुतेक' मी कधी ऐकलं नव्हतं.

परवा आर्या आली. "आजोबा, तिसरं काय बघतंय?" तर म्हणाले, "ती खोटी गोष्ट आहे बाळ. हरणं नव्हतीच."

मग मला राहवलं नाही. सांगितलं, "बाबा, होती. पुसली गेली." तर मला म्हणतात, "तू कुठे पाहिलायस पडदा? समजूत घालू नको." आणि खरंच, मी कुठे पाहिलाय? तुझं जानेवारीचं पत्र काढून वाचायला घेतलं. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "तुम्ही दोघांनी मिळून छान रचलंय. चांगली पोरं आहात."

ताई, मला वाटलं होतं पडदा गेलाय, निदान बाबा सांभाळू. मी चुकलो.

हरिहर


रत्नागिरी,
२६ फेब्रुवारी २०००

प्रिय हरिहर,

तू चुकलास म्हणतोस, पण सांगू नको म्हणणारा तू तिथे नव्हतास. 'होती ना?' हा प्रश्न मला विचारला होता. नाटकांच्या दिवसांत ती हरणं पाहिलेलं काकांच्या ओळखीचं माणूस आता बहुधा मी एकटीच उरले आहे. मी सोडून कुणाचं 'हो' त्यांच्या उपयोगाचं नव्हतं, आणि मी उजेडाचं कारण दिलं. तुझ्या पत्रामागे मी लपले, कारण लपायला जागा हवीच होती. ओझं कुणी वागवायचं ते तू लिहिलं होतंस. मी ते काकांच्या डोक्यावर ठेवून चहा प्यायले.

दोन दिवस त्यांना पत्र लिहायचा प्रयत्न केला. चार फाडली. ते पत्र वाचणार तू, तुझ्या आवाजात, आणि तो आवाज त्यांना समजूत घातल्यासारखा वाटणार. मी तोंडी सांगितलं तरी आता तसंच वाटेल. एकदा त्यांच्यासमोर गप्प बसलेल्या माणसावर त्यांनी कशाला विश्वास ठेवावा?

हे सगळं आज आप्पांना सांगितलं. म्हणजे त्यांच्याकडे बसून रडले, असं लिहिणं जास्त बरोबर. ते घड्याळांना किल्ल्या देत होते. सगळं ऐकून घेतलं, हातातलं घड्याळ पुरं केलं, आणि सोड्याच्या बाटल्यांखालचा खण ओढला. आत माझा फडका होता. त्या दिवशी मी तो खिडकीच्या गजावर टाकून आले होते. वाळून कडक झालेला, मध्ये तांबूस, एका कडेला नदीची थोडी निळी. काचेखाली नीट घडी घातलेला, आणि आप्पांच्या तारेतल्यासारख्या अक्षरात चिठ्ठी: 'जंगलाच्या पडद्यातली हरणं'.

"इथे आलेलं मी काही टाकत नाही," म्हणाले.

मी हातात घेतला. नाकाजवळ नेला तर अजून सरसाचा वास येतो. तो वास आणि तो तांबडा रंग काका डोळे मिटूनही ओळखतील. जांभ्याच्या धुळीला तसा वास नसतो. मला तेव्हा कळला नाही, त्यांना कळेल. कळल्यावर ते मला काय म्हणतील याचा विचार करत होते. मग लक्षात आलं, तो विचार पुन्हा माझाच आहे, त्यांचा नाही. ओरडले तर ओरडू देत. कवट्या रंगवलेल्या हाताने थोबाडीत दिली तरी चालेल. त्यांनी 'बहुतेक' म्हणणं थांबवलं पाहिजे.

आप्पांनी संग्रहातली वस्तू आजवर बाहेर दिलेली नाही. ही दिली. परत आणा असंही म्हणाले नाहीत. चिठ्ठी मात्र सोबत ठेवा म्हणाले.

हे पत्र टपालात टाकत नाही. हातीच आणते. मी आत काकांजवळ असेन तेव्हा तू ओट्यावर बसून वाच. तोवर आत येऊ नकोस.

डायरीत उद्याच्या पानावर एकच ओळ लिहिली आहे: पहिल्या गाडीने पोफळी, आणि काही बोलायच्या आधी काकांच्या हातात फडका देणे.